नखाला लागलं ते

व्हरायटी चौकात पोलिसाने हात आडवा केला आणि मधुसूदनची स्कूटर, थांबायला निमित्तच शोधत असल्यासारखी, बंद पडली. त्याने किक मारली. पुन्हा मारली. मागच्या सायकलरिक्षावाल्याने घंटी वाजवून वाजवून जीव खाल्ला, आणि काल बायकोने, प्रेमलताने, हँडलला बांधलेला झेंडूचा हार प्रत्येक किकेसरशी त्याच्या गुडघ्यावर आपटत राहिला. काल हार घालून घेतला, हळदकुंकू लावून घेतलं, चाकाखाली लिंबू चिरडून घेतलं, आणि आज भर चौकात ही थेरं. शेवटी त्याने ती ढकलत थिएटरच्या भिंतीच्या सावलीत नेली आणि घाम पुसायला शर्टाच्या खिशातला रुमाल ओढला. रुमालाबरोबर सकाळी ठेवलेला कार्बाइडचा तुकडा हातात आला. सवयीने, कुणी मिशीवरून हात फिरवावा तसं, त्याने तुकड्याच्या घासलेल्या बाजूवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नखाला काहीतरी लागलं.

त्याने पुन्हा फिरवलं, या खेपेला डोळे मिटून. लागलं. ती बाजू आरशासारखी असायला हवी होती, आणि डोळ्यांना ती तशी दिसतही होती. उन्हात धरली तर त्याच्याच घामेजल्या कपाळाचा एक तुकडा तिच्यात उमटत होता. पण नख तिच्यावरून, नव्याने टाकी लावलेल्या पाट्यावरून बोट जावं तसं, थडथडत जात होतं. लाटा होत्या. बारीक, एकसारख्या, एकीमागून एक. म्हणजे हा तुकडा घासणारं चाक डगमगत फिरत होतं. परवापर्यंत देवघरातल्या समईच्या ज्योतीसारखं निवांत फिरणारं चाक आज डगमगत होतं, आणि उद्या सकाळी ते सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये चाचणीला न्यायचं होतं. त्याच्यासाठी धडशी लाकडी पेटी घ्यायला म्हणून तो सीताबर्डीत आला होता. शेजारी एक बाई सीताफळांची टोपली पुढ्यात घेऊन बसली होती. ती म्हणाली, ‘‘घेता का जी, गोड हायेत.’’ त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिने टोपली जवळ ओढून घेतली.

तिचा बिचारीचा काय दोष होता? पण आज दोष सगळ्यांचाच होता. दीक्षाभूमीहून परतणाऱ्या पांढऱ्या कपड्यांतल्या माणसांच्या रांगा, हातात नव्या पुस्तकांचे गठ्ठे घेऊन, स्टेशनाकडे शांतपणे चालल्या होत्या, आणि त्यांची ती शांतताही त्याला टोचली. सगळं शहर सण आटोपून सुखाने घरी निघालं होतं. आपलंच मात्र, सणाच्या दुसऱ्या दिवशी, असं. त्याने त्राग्याने किक मारली आणि स्कूटर मुकाट्याने सुरू झाली. तेवढ्यानेही तो चिडला. पेटी तशीच राहिली. त्याने तोंड वळवलं आणि अमरावती रोडने वाडीकडे निघाला.

वाडीला, ट्रकवाल्यांच्या गोदामांच्या मागे, पत्र्याच्या एका शेडमध्ये त्याचा कारखाना होता. कारखाना म्हणायचं म्हणून म्हणायचं. एक दाबयंत्र, एक भट्टी, एक जुनं ग्राइंडिंग मशीन आणि कवडू. कार्बाइड म्हणजे पोलाद कापणारा पदार्थ. त्याला घासायचं तर हिराच लागतो, दुसरं काही चालत नाही. हिऱ्याची भुकटी राळेच्या भुकटीत कालवायची, साच्यात गरम दाबून तिची कडा एका वाटीसारख्या ॲल्युमिनियमच्या चाकावर बसवायची, भट्टीत भाजायची. सांगायला एवढंच. ही चाकं विलायतेहून यायची आणि लायसन्सच्या भानगडीत वर्ष वर्ष अडकून पडायची. ती इथेच का होऊ नयेत, असा एक किडा मधुसूदनच्या डोक्यात शिरला आणि त्याने सरकारी कारखान्यातली टूलरूमची नोकरी सोडली. टूलरूमचे साहेब तेव्हा हसून म्हणाले होते, ‘‘मधुसूदनराव, नागपुरात संत्री पिकतात, हिऱ्याची चाकं नाही.’’ आणि खरंच नव्हती पिकत. राळ कडक झाली की हिरे आतच कोंडून राहायचे आणि चाक नुसतं घासत, जळत, किंचाळत बसायचं. राळ मऊ झाली की हिरे काम करायच्या आधीच गळून जायचे. कधी भट्टीत तडा, कधी साच्यात पोकळी. दरवेळी तो घरी जाऊन जेवत नसे आणि प्रेमलता काही विचारत नसे. या उन्हाळ्याच्या शेवटी एक चाक मात्र जमलं. का जमलं ते त्यालाही नीटसं ठाऊक नव्हतं, आणि तसंच दुसरं अजून जमलेलं नव्हतं. म्हणून उद्याच्या चाचणीला हेच एक चाक होतं. ते उतरलं तर टूलरूमकडून काम मिळणार. नाही उतरलं तर दिवाळीनंतर शेड सोडायची आणि भिलाईला कुणाच्या तरी हाताखाली रुजू व्हायचं, असं नवराबायकोत ठरलं होतं. प्रेमलताने भिलाईतल्या शाळांची चौकशीही करून ठेवली होती. ती नेहमी तयारीतच असायची. याचाही त्याला राग यायचा.

धरमपेठ मागे पडली तसा त्याला सकाळचा आवाज आठवला. कवडू तुकडा घासत होता आणि चाकाच्या सुरात एक हेलकावा होता, बारीकसा, कुणी झोपेत कण्हावं तसा. त्याने तो ऐकला होता. ऐकून मनात म्हटलं होतं, व्होल्टेज कमी असेल. माणूस स्वतःला किती सहज गंडवतो! चाक एकदा आपल्या बैठकीवर बसवलं, डायलच्या काट्यावर पाहून केसाच्या बारक्या हिश्शाइतकं सरळ करून घेतलं, की मग त्या बैठकीवरून ते हलवायचं नाही. कधीच नाही. मशीनवरून काढायचं तर बैठकीसकट काढायचं. हे त्याने कवडूला पहिल्या दिवशी सांगितलं होतं आणि पुढे येता-जाता सांगत राहिला होता. चाकावर आणि बैठकीवर मिळून पेन्सिलीची एक रेघ ओढून ठेवली होती, की चुकूनमाकून सुटलंच तर जसंच्या तसं परत बसावं. नवमीला मशीनची पूजा केली तेव्हाही त्याने कवडूला बजावलं होतं, कुंकू मोटरला लाव, खांबाला लाव, माझ्या कपाळाला लाव, चाकाला बोट लावू नकोस. आणि काल तर शेड बंदच होती, किल्ली शेजारीच राहणाऱ्या कवडूकडे. मग लावला कुणी हात? कवडू? पण कवडू चाकाला मधुसूदनपेक्षाही जास्त भितो.

एक ट्रक कानाशी हॉर्न वाजवून गेला आणि डिझेलचा धूर नाकात शिरला, आणि त्या वासामागून, का कोण जाणे, दुसरा वास आला, रॉकेलचा. काल संध्याकाळी नंदनवनातल्या क्वार्टरमध्ये तो सोनं द्यायला बाबांपुढे वाकला तेव्हा त्यांच्या हातांना रॉकेलचा वास येत होता. स्टोव्हशी काही खुडबूड केली असेल, असं वाटून त्याने सोडून दिलं होतं. बाबा, म्हणजे दत्तोपंत, उभी हयात सेक्रेटरिएटमध्ये कारकुनी केलेले. फाइलीला टाचणी तिरकी लागली तर काढून पुन्हा सरळ लावणारे. त्यांनी काल आपट्याचं पान घेतलं, ‘‘बरं,’’ म्हणाले आणि पान कोनाड्यात ठेवलं. नोकरी सोडल्यापासून दर दसऱ्याला एवढंच. पूर्वी डोक्यावर हात ठेवून ‘सोन्यासारखा राहा’ म्हणायचे. ते बंद झालं होतं. चाकाच्या पहिल्या दिवसांत त्याने मोठ्या हौसेने त्यांना कागदाच्या पुडीतली हिऱ्याची भुकटी दाखवली होती. करडी, मातकट. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून बघितली आणि म्हणाले, ‘‘हा हिरा? याच्यापेक्षा चुलीतली राख बरी, निदान भांडी तरी घासता येतात.’’ त्या दिवसापासून दोघांत चाकाचा विषय निघाला नाही. बाबांनी वाडीच्या शेडमध्ये पाऊल टाकलं नाही, आणि मधुसूदननेही कधी ‘चला’ म्हटलं नाही. एका घरात, एका ताटाच्या अंतरावर, दोघंही तोंडं शिवून जेवत आले होते.

रॉकेल म्हटलं की बाबांची सायकल. हंबर कंपनीची, काळी, पितळी घंटीची. दर खांडेनवमीला ते ती अंगणात उलटी करून पूर्ण सोडवायचे. वर्तमानपत्रावर एकेक भाग ओळीने मांडायचा, रॉकेलमध्ये बुडवून ब्रशने घासायचा, पुसायचा, पुन्हा घासायचा. लहान मधूने बेअरिंगच्या गोळीला हात लावला की ‘‘अं हं!’’ तोंडाने फक्त एवढाच आवाज. त्या आवाजाने त्याचं सगळं बालपण चाळणीसारखं झालं होतं. संध्याकाळी सायकल उभी राहायची, कुंकू लावून, नवी नवरी दिसावी तशी. आणि दसऱ्याच्या दिवशी ते सीटच्या कातड्याखाली आपट्याचं एक पान सरकवून ठेवायचे. का, असं त्याने एकदा विचारलं होतं. ‘‘असू द्यावं,’’ म्हणाले होते. पुढे वर्षभर त्या पानाचा चुरा सीटखालून गळत राहायचा आणि आई अंगण झाडताना कुरकुरायची.

वाडी नाक्यावर वळताना चाकाला हात कुणी लावला ते त्याला कळून चुकलं होतं. फक्त कबूल करायचं नव्हतं.

कवडू शेडच्या दारात विडी ओढत बसला होता. मधुसूदनने स्कूटर स्टँडवरसुद्धा लावली नाही, भिंतीला टेकवली आणि तुकडा त्याच्या तोंडासमोर धरला.

‘‘नख फिरव.’’

कवडूने फिरवलं. त्याचा चेहरा उतरला. विडी त्याने पायाखाली विझवली, गरजेपेक्षा बराच वेळ.

‘‘चाक कुणी काढलं होतं, कवडू?’’

‘‘मी त काई हात नाई लावला, भाऊ. आईची शप्पथ.’’

‘‘मग?’’

‘‘बाबूजी आले होते काल. दुपारी.’’

‘‘कोण बाबूजी?’’ हे विचारताना आपण निव्वळ वेळ काढतो आहोत, हे त्याला समजत होतं.

‘‘तुमचे बाबूजी. शहरबशीनं आले, एवढ्या गर्दीत. घामानं पुरे भिजले होते. मले म्हने, दार उघड गा, पोराचा कारखाना पाहाचा हाय. मंग म्हने, पयल्यांदा आलो, रिकाम्या हातानं काहून पाहू, जा नारळ आन. मी नाक्यावर गेलो. दसऱ्याची दुकानं बंद, नारळ भेटे नाई. वापस आलो त चाक धुऊन, पुसून, बसवून ठेवलेलं. चकाचक.’’

‘‘आणि तू मला सांगितलं नाहीस.’’

‘‘थे म्हने, सांगू नोको गा त्याले. आता बाबूजीले मी नाई कसं म्हनू?’’ कवडूचा आवाज चढला. ‘‘तुमीच म्हना ना त्यायले. तुमी त म्हनत नाई काही.’’

मधुसूदन आत गेला. मशीन पुसलेलं होतं, तेलाचा डबा फडताळात सरळ रेषेत होता, पाने लहान-मोठे असे मांडलेले होते. त्याला स्वतःला इतक्या दिवसांत हे कधी जमलं नव्हतं. चाक खरोखरच चकाकत होतं. आणि पेन्सिलीची रेघ नव्हती. तिचा मागमूसही नव्हता. बाबांनी ती डाग समजून पुसली होती, रॉकेलने, मग साबणाने, बहुधा मग धोतराच्या सोग्याने. त्याच्या कानांत गरम वारा घोंगावल्यासारखं झालं. एवढी वर्षं या माणसाने ढुंकून पाहिलं नाही, आणि पाहिलं तेही नेमकं चाचणीच्या तोंडावर, नेमक्या त्याच एका चाकाला हात लावायला! दुसरं काही सापडलं नाही? भट्टी धुवायची, पत्रा धुवायचा, कवडूला धुवायचा! आज घरी गेलं की तो बोलणार होता. सगळं. राख म्हणालात तिथपासून. वाक्यं आपोआप जुळत होती, धारदार, एकापाठोपाठ एक. स्क्रू सैल करताना तो ती ओठांतल्या ओठांत पुटपुटत होता आणि कवडू जरा लांब उभा होता.

स्क्रू सैल करण्याआधी लावलेल्या डायलचा काटा सांगून गेला होता की चाक एका अंगाला तिरपं बसलंय. पण नुसतं वेगळ्या जागी बसवल्याने एवढा तिरपेपणा येत नाही. काहीतरी मध्ये आलं असणार. धुळीचा कण, पत्र्याचा कीस. त्याने शेवटचा स्क्रू काढला, चाक दोन्ही हातांनी अलगद ओढलं आणि उलटं केलं.

पाठीवर आपट्याचं पान चिकटलेलं होतं.

मधोमध दुमडलेलं, स्क्रूच्या दाबाने कागदासारखं चपटं झालेलं, कडेने हिरवा रस ॲल्युमिनियमवर पसरलेला. नीट बसवलं होतं, हलू नये अशा बेताने, भोकाला अडू नये असं एका बाजूला. कारकुनाने फाइलीत लावावं तसं. कवडू जवळ येऊन वाकला आणि म्हणाला, ‘‘अरे बाप्पा.’’ मधुसूदन नखाने पान सोडवू लागला. ते चिवट होतं, सहज सुटत नव्हतं, आणि त्याला ते फाटू द्यायचं नव्हतं. का द्यायचं नव्हतं, हे त्याला कळेना, आणि त्या न कळण्याचाही राग आला. मघाची वाक्यं आठवायला गेला तर एकही सबंध आठवेना. काल संध्याकाळी तो वाकला तेव्हा बाबा नुकतेच इथून परतले असणार. हे करून आले असणार. आणि तरी ‘‘बरं’’ एवढंच म्हणाले. गर्दीच्या बसमध्ये उभे राहून, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येऊन, सोनं दिलं ते पोराच्या हातात नाही, त्याच्या चाकाखाली. असल्या माणसाचं करायचं काय? भिंतीवर डोकं आपटावं, की? त्याने कवडूवर ओरडून घेतलं, ‘‘बघतोस काय? पेट्रोल आण!’’

मग कामच काम. बैठक पेट्रोलने पुसली, चाकाची पाठ पुसली, हिरवा डाग निघेपर्यंत. रेघ गेलेली, तेव्हा आता प्रत्येक जागा चाचपून पाहायची. चाक बसवायचं, स्क्रू सारखे आवळायचे, कवडूने हाताने सावकाश फिरवायचं आणि त्याने काट्याकडे पाहायचं. काटा हलला. पुन्हा काढा, पाव फेरा फिरवा, बसवा. हलला. कवडूच्या कपाळावरून घाम टपकून मशीनवर पडला तेव्हा मधुसूदनच्या तोंडून आवाज निघाला, ‘‘अं हं!’’ आणि तो स्वतःच दचकला. पुन्हा काढलं. पुन्हा बसवलं. उन्हं पत्र्यावरून उतरली होती, बाहेर ट्रकवाले हमालांशी हुज्जत घालत होते. या वेळी कवडूने चाक फिरवलं आणि काटा श्वास रोखल्यासारखा जागच्या जागी राहिला. मोटर सुरू केली. सूर सरळ होता, हेलकाव्याशिवाय. नवा तुकडा घासला, पुसला, आणि नख फिरवण्यासाठी आधी कवडूच्या हातात दिला. कवडूने फिरवलं, पुन्हा फिरवलं आणि मान हलवली. ‘‘काईच नाई लागत, भाऊ.’’

मधुसूदनने पेन्सिल घेतली, रेघ ओढली, मग तिच्यावर टोकदार खिळ्याने चांगला ओरखडा काढला. या खेपेला कुणाचा बाप पुसू शकणार नव्हता. नाक्यावरच्या सुताराकडून घाईघाईत एक पेटी करून घेतली, खडबडीत, पण घट्ट. आत भुसा भरला आणि चाक बैठकीसकट तिच्यात ठेवलं.

नंदनवनात पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. दत्तोपंत ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते, हातात वर्तमानपत्र, पण उजेड वाचण्याजोगा नव्हता. प्रेमलता आतून म्हणाली, ‘‘पेटी एवढ्या उशिरा मिळाली?’’ त्याने ‘हं’ म्हटलं. चपला काढेपर्यंत त्याने एकच वाक्य जमवून ठेवलं होतं: बाबा, यापुढे चाकाला हात लावायचा नाही.

‘‘चाललं का रे चाक?’’ दत्तोपंतांनी विचारलं.

नोकरी सोडल्यापासून हा प्रश्न त्यांनी पहिल्यांदा विचारला होता. मधुसूदन उंबऱ्यातच थांबला.

‘‘चाललं.’’

‘‘नीट?’’

‘‘नीट.’’

त्यांनी वर्तमानपत्राची घडी घातली, कडा जुळवल्या. ‘‘मी काल गेलो होतो तिकडे. सांगितलंच असेल त्याने. फार मळ होता चाकाला. कुणीतरी पेन्सिलीच्या रेघोट्याही मारून ठेवल्या होत्या.’’

‘‘हो.’’

‘‘आत सोनं ठेवलंय.’’ ते त्याच्याकडे न बघता, समोरच्या क्वार्टरच्या दिव्याकडे बघत बोलत होते. ‘‘घट्ट बसवलंय, हलायचं नाही. तू काढलं नाहीस ना?’’

केसाच्या बारक्या हिश्शाएवढी चूक ज्याला खपत नाही, तो मधुसूदन शर्टाच्या खिशावर हात ठेवून उभा राहिला. खिशात नवा तुकडा होता आणि रुमालात गुंडाळलेलं पान होतं.

‘‘नाही,’’ तो म्हणाला. ‘‘आहे आतच.’’

‘‘असू द्यावं,’’ दत्तोपंत म्हणाले. आत कुकरची शिट्टी झाली. ‘‘उद्या मी येऊ का तुझ्याबरोबर? आत नाही येत. गेटपाशी उभा राहीन.’’

उद्या सकाळी, स्कूटरवर, सगळं शहर ओलांडून, हे मागे बसणार. वाटेत दहा सूचना देणार. स्कूटर चौकात बंद पडणार आणि हे म्हणणार, साफ ठेवत नाहीस. मधुसूदनला आत्ताच घाम फुटला. नाही म्हणायला त्याने तोंड उघडलं.

‘‘पेटी धरावी लागेल,’’ तो म्हणाला. ‘‘मांडीवर. आडवी होऊ द्यायची नाही.’’

‘‘नाही होऊ देणार.’’

‘‘आणि उघडून बघायची नाही, बाबा.’’

‘‘बरं,’’ दत्तोपंत म्हणाले.